कुलूपवाले अर्देशीर

किल्ली हरवली की घरमालक आपल्याच दारापुढे परका होतो. मग चावीवाल्याचा शोध सुरू होतो, आणि त्या क्षणी एक विचित्र सत्य ध्यानात येते. जो आपले कुलूप क्षणात उघडू शकेल असा माणूस आपल्याला हवा असतो, आणि नेमक्या अशाच माणसाची आपल्याला भीतीही वाटत असते. हस्तकौशल्य आणि सचोटी या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी असल्याखेरीज कुलपाचा धंदा विश्वासाला पात्र होत नाही. मुंबईत हा धंदा ज्याने अशा विश्वासाला पात्र केला तो मनुष्य शिक्षणाने लोहार नव्हे, वकील होता.

अर्देशीर बर्जोरजी गोदरेज यांचा जन्म १८६८ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले. तारुण्यातच त्यांच्यावर मोठा घाला पडला. २५ एप्रिल १८९१ रोजी राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणी मृत्यू पावल्या. त्यांपैकी बचुबाई या अर्देशीर यांच्या पत्नी होत्या. या घटनेवरून शहरात दीर्घकाळ वादळ उठले. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

१८९४ मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर कंपनीने त्यांना एका खटल्यासाठी झांजिबारला पाठविले. अशिलाच्या बाजूने एक विधान न्यायालयापुढे करणे आवश्यक होते. परंतु त्याच्या सत्यतेची खात्री अर्देशीर यांना पटेना. त्यांनी ते करण्यास नकार दिला आणि वकिलीला कायमचा रामराम ठोकला. व्यवहारी माणसांना हा आततायीपणा वाटला असल्यास नवल नाही.

मायदेशी परतल्यावर वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये उसने घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनविण्यास प्रारंभ केला. माल उत्तम होता. तथापि गिऱ्हाईक असलेल्या इंग्रज कंपनीला त्यावर हिंदुस्थानात बनविल्याची मुद्रा नको होती. अर्देशीर यांनी मुद्रा काढण्यास साफ नकार दिला, आणि पहिला उद्योग तेथेच बुडाला.

त्याच सुमारास मुंबईतील वाढत्या घरफोड्यांविषयीचा मजकूर वर्तमानपत्रात त्यांच्या वाचनात आला. १८९६ च्या अखेरीस प्लेगने शहराला ग्रासले होते आणि घरांना कुलपे लावून हजारो लोक गाव सोडून जात होते. बाजारात एकीकडे महागडी विलायती कुलपे होती, तर दुसरीकडे हातबनावटीची देशी कुलपे, ज्यांतील कितीतरी एकमेकांच्या किल्ल्यांनी उघडत. ७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये, गॅस कंपनीच्या शेजारच्या एका लहानशा शेडमध्ये, मोजक्या कारागिरांसह अर्देशीर यांनी कुलपांचा कारखाना थाटला. कामांचे भाचे बॉइस हे काही काळ भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले. कंपनीच्या नावात मात्र राहून गेले.

लिव्हरचे कुलूप उघडते ते आतील प्रत्येक पट्टी किल्लीने नेमक्या उंचीवर उचलली गेली तरच. एखादी पट्टी केसभर वर वा खाली राहिली की बोल्ट अडतो. म्हणजे सारी सुरक्षितता कारागिराच्या अचूकतेवर अवलंबून. अर्देशीर यांची दृष्टी मात्र कारागिरीच्या पलीकडे, कुलूप वापरणाऱ्याच्या अडचणीवर होती. त्यांच्या ‘गॉर्डियन’ कुलपाला दोन किल्ल्या असत. दोन्हींनी कुलूप उघडे. पण त्यांपैकी एकीने आतील रचनाच बदलता येई, आणि मग दुसरी किल्ली निरुपयोगी ठरे. किल्ली हरवली, किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाजवळ राहिली, तरी कोणा अनोळखी चावीवाल्याच्या हाती घर सोपविण्याचा प्रसंग येत नसे. ‘डिटेक्टर’ कुलपात परकी किल्ली फिरविताच यंत्रणा अडकून बसे, आणि आपल्या पश्चात कोणी प्रयत्न केला होता हे मालकाला कळे. ही कल्पना मुळात इंग्लंडमधील चब यांची, १८१८ सालची. आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन तज्ज्ञाने १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी तेही कुलूप उघडून दाखविले होते. न उघडणारे कुलूप ही गोष्ट नेहमीच सापेक्ष असते. पट्ट्यांना ताण देणारी स्प्रिंग हा कुलपाचा कच्चा दुवा आहे हे ओळखून अर्देशीर यांनी पुढे स्प्रिंगविना चालणारे कुलूप सिद्ध केले, हे मात्र त्यांचे स्वतःचे कर्तृत्व.

१९०२ पासून तिजोऱ्या बनू लागल्या. १९२५ मध्ये कोलकात्याच्या धरमतळा भागात भीषण आग लागली, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे सुरक्षित निघाली. धाकटे बंधू पिरोजशा यांच्याकडे कारखान्याचा व्याप जाऊ लागला आणि अर्देशीर नव्या प्रयोगांकडे वळले. १९१८ मध्ये प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून त्यांनी साबण केला. त्याचे नावही ‘चावी’च ठेवले!

टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. तरीही स्वदेशी म्हणून निकृष्ट माल लोकांच्या गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते. देशी वस्तू परदेशी वस्तूच्या तोडीची हवी, असा त्यांचा हट्ट असे, आणि या मुद्द्यावर स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांशीही त्यांचा मतभेद झाला. आपल्या मते त्यांच्या राष्ट्रभक्तीचा हाच भाग देणगीपेक्षा अधिक मोलाचा होय. देणगी देणारे त्या काळी आणखीही होते.

अखेरच्या वर्षांत सारा उद्योग पिरोजशा यांच्या हवाली करून ते नाशिकला शेती करावयास निघून गेले. तेथेही प्रयोगांची हौस सुटली नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्यांच्याच कंपनीच्या विक्रोळी येथील कारखान्यात लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या, तेव्हा त्यांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती.