माशी पडते कशी, उठते कधी?

जास्त पिकलेल्या केळ्यांवर किंवा फुटलेल्या डाळिंबावर बारीक चिलटं घोंगावतात. आंबा-पेरूच्या बागेत नुकसान करणारी फळमाशी वेगळी. शास्त्रज्ञांची ड्रॉसोफिला म्हणजे हे चिलट. त्याच्या हालचालीवरून मज्जातंतूंचं काम उलगडणाऱ्या भारतीय संशोधकांत पहिलं नाव येतं डॉ. ओबैद सिद्दिकी यांचं.

त्यांचा जन्म १९३२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. अलीगढला शिक्षण घेऊन ते दिल्लीत गव्हावर संशोधन करू लागले. पण गारपिटीने प्रयोगाचं पीक झोपवलं आणि त्यांनी वाट बदलली. ग्लासगो विद्यापीठात त्यांनी बुरशीच्या जनुकांवर पीएच.डी. केली, पुढे अमेरिकेत जिवाणूंवर महत्त्वाचं काम केलं. १९६२ मध्ये डॉ. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ सीमोर बेंझर तेव्हा माशीच्या वागण्यामागची जनुकं शोधत होते. सिद्दिकी त्यांच्यासोबत काम करायला गेले. नेहमीच्या तापमानात ठणठणीत असणाऱ्या, पण उष्णता वाढली की लुळ्या पडणाऱ्या माश्या त्यांनी अभ्यासल्या. त्यातल्या एका जातीला ‘कोमॅटोज’ म्हणतात. सोलापूरच्या उन्हाळ्यासारखं, ३८ अंशांच्या आसपास तापमान झालं की ही माशी कोसळते. गारवा मिळाल्यावर काही प्रकारच्या माश्या लगेच उठतात. कोमॅटोज मात्र बराच वेळ पडून राहते. माशी किती अंशांना पडते आणि किती वेळाने उठते, या साध्या मोजणीला त्यांनी मज्जातंतू व स्नायूंतल्या विद्युत संदेशांच्या नोंदींची जोड दिली. हे काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. कोमॅटोज जनुकातून तयार होणारं प्रथिन एका मज्जातंतूकडून पुढच्या पेशीकडे निरोप जाण्यासाठी लागतं, हे नंतर कळलं. तसंच प्रथिन माणसातही असतं.

मुंबईत परतल्यावर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीची चव आणि वासाची जाणीव अभ्यासली. पुढे बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनीच उभारलं. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २०१३ मध्ये अपघातात डोक्याला झालेल्या दुखापतीने त्यांचं निधन झालं.

सिद्दिकी कंपवातावर औषध शोधत नव्हते. पण माशीची हालचाल मोजून मज्जातंतूचा बिघाड ओळखायचा, ही त्यांच्या पिढीने रुळवलेली वाट आज त्याच आजारासाठी वापरली जाते. कंपवाताशी संबंधित मानवी जनुक माशीत घालता येतं, हे २००० मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. अशा माश्या काचेच्या नळीत ठेवून नळी हलकेच आपटतात. सगळ्या तळाशी पडतात. निरोगी माशी लगेच वर चढते. आजारी माशी वय वाढतं तशी लवकर मागे पडू लागते. ठरावीक सेकंदांत किती माश्या खुणेच्या वर गेल्या, ते मोजतात. माशीचं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं, त्यामुळे माणसात कैक वर्षं रेंगाळणारा आजार काही आठवड्यांत पाहता येतो.

माशीवर चाललेलं औषध माणसावर चालेलच असं नाही. तपासाची ती पहिली पायरी. कंपवात अजून मुळापासून बरा होत नाही, पण उपचारांनी हालचाल सुधारते. म्हणून घरातल्या ज्येष्ठांची पावलं अडखळू लागली, हात थरथरू लागला, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावं.