पक्षितज्ज्ञ सलीम अली

इसवी सन १९०६ च्या सुमारास मुंबईच्या खेतवाडीत दहा-एक वर्षांचा एक मुलगा छऱ्याची बंदूक घेऊन चिमण्या टिपीत असे. त्याचे आईवडील तो अगदी लहान असतानाच निवर्तले होते. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला वाढविले. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही घरातली चिमणी नव्हे. मग ही कोण, आणि ती खावी की न खावी, असा प्रश्न त्याला पडला. मामा मोठे शिकारी, पण त्यांनाही उत्तर देता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेत धाडले.

तेथील चिटणीस मिलर्ड हे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी पोराला वाटेला लावले असते, तर कोणासही नवल वाटले नसते. पण त्यांनी पक्षी पाहून ती रानचिमणी असल्याचे सांगितले; एवढेच नव्हे, तर कपाटांचे खण ओढून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्यास दाखविले. पक्षी ओळखणे हीही एक विद्या आहे, हे त्या दिवशी मुलाला कळले. हा मुलगा म्हणजेच सलीम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. काही वर्षे ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेली. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी मिळाली. १९२८ साली ते बर्लिनला जाऊन श्ट्रेझेमान या पंडिताजवळ शिकले. परत येऊन पाहतात तो नोकरीची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेले.

तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन् तास निरीक्षण करीत. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि घरट्याचे सारे श्रेय मादीला देतो. वास्तविक विणकर असतो तो नर! तो घरटे अर्धे विणतो. मग माद्या येऊन ते पारखतात. एखादीला पसंत पडले की तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे आरंभितो. सुगरणीच्या संसाराची ही रीत सलीम अलींनी १९३० साली उलगडली. नोकरी नसलेल्या माणसाच्या हातून एवढे मोठे काम झाले!

संग्रहालयांसाठी नमुने म्हणून त्यांनाही पक्षी मारावे लागले. तो त्या काळच्या अभ्यासाचा भागच होता. पण सामान्य माणसाने पक्षी न मारता तो कसा ओळखावा? १९४१ साली निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरील त्यांच्या पुस्तकात याची सोपी युक्ती आहे. पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, हे आधी पाहावे. मग रंग, चोच व शेपटी न्याहाळून चित्राशी ताडून पाहावे. हे पुस्तक पाहावयास तहमीनाबाई राहिल्या नव्हत्या. १९३९ सालीच त्या वारल्या होत्या.

सत्तरी उलटल्यावर सलीम अलींनी अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासमवेत भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंड प्रसिद्ध केले. पहिला खंड १९६८ साली निघाला, दहावा १९७४ साली. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतरही १९४१ च्या त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या.