मोलोकाईचे संत दामियान

या महोत्सवी अंकात कोणाचे चरित्र द्यावे, असा विचार करिता आमच्या मनात संत दामियान यांचेच नाव आले. त्यांच्या त्यागाची कथा वाचकांनी प्रवचनांतून पुष्कळ वेळा ऐकली असेल. म्हणून येथे आम्ही त्यांच्या आजाराविषयी अधिक सांगणार आहो.

ता. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो गावी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील बंधू पांफिल आजारी पडल्यामुळे त्यांच्या जागी ते हवाई बेटांत गेले, आणि १८६४ साली होनोलुलू येथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली. ता. १० मे १८७३ रोजी ते मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उतरले. योग असा की, त्याच वर्षी नॉर्वे देशात डॉ. हान्सेन यांस या रोगाचा जंतू प्रथम दिसला होता.

तेथे फादरांनी जखमा बांधल्या, घरे उभारली, शवपेट्याही स्वहस्ते घडविल्या. परंतु स्वतःच्या अंगावर उठलेले कोरडे डाग आणि पुढे डाव्या पायास लागलेली कळ यांविषयी निश्चय होण्यास वर्षे लोटली. १८८४ च्या डिसेंबरात त्यांनी थकलेले पाय पाण्यात बुडविले. पाणी कढत होते. कातडीवर फोड उठले, पण वेदना झाली नाही. तेव्हा काय ते त्यांस कळून चुकले.

हीच या रोगाची खोड आहे. त्वचेवर फिकट किंवा तांबूस चट्टा येतो. त्यास खाज नसते, ठणका नसतो, आणि बहुधा स्पर्शही कळत नाही. जंतू नसांत शिरतो. लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंत काही वर्षे जातात. बोटे वाकू लागली म्हणजे उशीर झालाच समजावे. घरोघर जाताना असा चट्टा बाहीखाली झाकणारी माणसे आम्हास भेटली आहेत. दुखत नाही म्हणून दाखवीत नाहीत. आणि दाखविला तर मुलीचे लग्न अडेल, ही धास्ती! दामियानांच्या काळी दाखवूनही रोग हटविणारे औषध नव्हते. आज तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचविलेली एकत्रित औषधे सहा ते बारा महिने घेतली म्हणजे रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळतात. मात्र नसांची झालेली हानी पुष्कळदा तशीच राहते.

फादर अखेरपर्यंत कालावाओ येथील मंदिराच्या कामावर खपत राहिले. ता. १५ एप्रिल १८८९ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांचा देह १९३६ साली बेल्जियमला नेण्यात आला. ता. ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांस संतपद मिळाले. त्याआधीच, १९९५ साली, त्यांचा उजवा हात कालावाओच्या मूळ थडग्यात परत ठेवण्यात आला होता.