एक ऑफर लेटर, १९५२ सालचं : विनू मंकड

विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळो न मिळो, क्रिकेटवर बोलायला विषय नेहमी मिळतो. २०२५ साली तर दोन मोठे विषय मिळाले. आपल्या विरारमध्ये लहानाचा मोठा झालेल्या पृथ्वी शॉने मुंबईचा संघ सोडला, ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजेच एनओसी घेतली आणि तो महाराष्ट्राकडून खेळायला गेला. त्याच वर्षी यशस्वी जयस्वालने गोव्याकडे जाण्यासाठी मुंबईकडे एनओसी मागितली आणि थोड्याच आठवड्यांत तो अर्ज मागेही घेतला. अशी बातमी आली की दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते, ज्या संघाने मोठं केलं त्याला सोडून जातात म्हणजे काय! दुसरी म्हणते, त्याचं करिअर आहे, त्याला ठरवू द्या.

अमेरिकेत बेसबॉलचा सीझन संपत आला की तिथेही याच गप्पा चालतात. कुणाचा करार संपतोय, कुठला क्लब तो वाढवून देतोय, कोण कुठे जाणार. करार संपलेल्या खेळाडूला तिथे फ्री एजंट म्हणतात. पण हे स्वातंत्र्य त्यांना सहज मिळालेलं नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच राहायचा. १९६९ मध्ये कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला त्याच्या सेंट लुईसच्या क्लबने न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा तो जायला तयार झाला नाही. तो कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. खेळाडूंच्या बाजूने निकाल लागला तो १९७५ मध्ये, दुसऱ्यांच्या केसमध्ये.

आता गंमत बघा. फ्लडच्याही सतरा वर्षं आधी आपल्या एका क्रिकेटपटूने आपल्या बोर्डासमोर साधारण असाच प्रश्न ठेवला होता. त्याचं नाव विनू मंकड. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे नाव फक्त मंकडिंग या शब्दामुळे माहीत असतं. म्हणून त्यांची पूर्ण गोष्ट सांगावीशी वाटली.

मुळवंतराय हिंमतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरला झाला. विनू हे शाळेतलं नाव, ते आयुष्यभर चिकटलं. जामनगर म्हणजे नवानगर संस्थानची राजधानी, रणजितसिंहजींचं गाव. तिथे क्रिकेटला राजाश्रय होता. ससेक्स काउंटीकडून खेळलेला बर्ट वेन्स्ली हा इंग्लिश प्रोफेशनल तिथे कोच होता. मध्यमगती गोलंदाजी टाकणाऱ्या या पोराला त्याने डावखुरी फिरकी टाकायला लावली. दुलीपसिंहजींचंही मार्गदर्शन मिळालं. १९३६-३७ मध्ये नवानगरने रणजी करंडक जिंकला, त्या संघात विनू होते. पुढच्याच वर्षी लॉर्ड टेनिसनचा इंग्लिश संघ भारतात आला, तेव्हा अनधिकृत कसोटींमध्ये फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्हींच्या सरासरीत आपल्याकडून तेच पहिले. वय होतं वीस, म्हणजे आपल्याएवढंच!

मग दुसरं महायुद्ध आलं. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. पहिली कसोटी खेळायला त्यांना जून १९४६ उजाडला, लॉर्ड्सवर, वयाच्या २९व्या वर्षी. आज २९व्या वर्षी पदार्पण म्हटलं की आपण त्याला उशीर झाला म्हणतो. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. एका दौऱ्यात हजार धावा आणि शंभर बळी हे दुसऱ्या कुणाही भारतीयाला जमलेलं नाही. विस्डेनने १९४७ च्या पाच सर्वोत्तम खेळाडूंमध्ये त्यांचं नाव घेतलं.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते वादात सापडले. गोलंदाज चेंडू टाकायच्या आधीच बिल ब्राऊन हा नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडून पुढे पळत होता. ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्धच्या सामन्यात मंकड यांनी त्याला आधी ताकीद दिली आणि नंतर धावबाद केलं. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत ब्राऊनने पुन्हा तेच केलं, मंकड यांनीही पुन्हा तेच केलं. काही ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला, पण त्यांचा कप्तान डॉन ब्रॅडमन मंकड यांच्याच बाजूने उभा राहिला. तरी नाव पडायचं ते पडलंच. २०२२ मध्ये एमसीसीने हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात टाकला. म्हणजे ७५ वर्षांनी नियमाच्या पुस्तकातही ते बरोबर ठरले.

त्याच दौऱ्यात मेलबर्नला त्यांनी दोन शतकं ठोकली होती, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी कसोटी खेळून कुणाचं घर चालत नसे. सेंट्रल कॉन्ट्रॅक्ट नाही, आयपीएल नाही, जाहिराती जवळजवळ नाहीत. कुणाला संस्थानाचा आधार, कुणाला कंपनीत नोकरी. ज्याला निव्वळ खेळावर पोट भरायचं होतं त्याला एक चांगली जागा होती, इंग्लंडमधल्या लँकशायरच्या लीग. कापड गिरण्यांची ती छोटी छोटी गावं. प्रत्येक गावाचा क्लब, क्लबचे खेळाडू म्हणजे गावातलेच नोकरदार, आणि त्यांच्यात एकच पगारी प्रोफेशनल. शनिवारी सामना. प्रोफेशनलने अर्धशतक केलं की प्रेक्षकांत त्याच्यासाठी पैसे गोळा करायचे. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन तिथे खेळून गाजला, आपल्या अमरसिंग यांनीही कोल्न क्लबकडून नाव काढलं.

१९५२ च्या उन्हाळ्यासाठी हॅसलिंग्डन क्लबला मंकड हवे होते. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणार होता. दोन्ही एकाच वेळी, एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे एकच काहीतरी घेता येणार. मंकड यांनी बोर्डाला विचारलं, दौऱ्यासाठी माझी निवड नक्की आहे का? तसं सांगितलंत तर मी क्लबला नाही म्हणतो. मागणी एवढीच होती. जास्त पैसे नाही, कप्तानपद नाही.

हे विचारणारा माणूस कोण होता, तेही बघू. १९५१-५२ च्या त्याच हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासच्या शेवटच्या कसोटीत मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ बळी घेतले. भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या आपल्या देशाचा तो पहिलावहिला विजय! मालिकेत त्यांचे ३४ बळी होते. असा माणूस संघात असणार हे शेंबडं पोरही सांगेल.

तरी उत्तर आलं की आधीपासून खात्री देता येणार नाही.

खरं सांगायचं तर बोर्डाची बाजूही अगदीच चुकीची नव्हती. निवड समिती बसायच्या आधी एकाला शब्द दिला तर उद्या दहा जण तोच मागतील. नियम सर्वांना सारखा हवा. पण दुसरीकडे एका जवळजवळ ३५ वर्षांच्या माणसाचा अख्खा सीझन टांगणीला लागला होता. घरी बायको, मुलं. थोरला अशोक जेमतेम पाच वर्षांचा. क्लबला नाही म्हटलं आणि निवड झाली नाही, तर वर्षाची कमाई गेली. आणि फिरकी गोलंदाजाच्या बोटांना पुढची किती वर्षं मिळणार हे कुणी लिहून देत नाही.

मंकड यांनी हॅसलिंग्डनचा करार केला. भारताचा संघ त्यांच्याशिवाय गेला.

पुढे काय झालं ते प्रसिद्ध आहे. जून १९५२ मध्ये लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावाचे पहिले चार फलंदाज एकही धाव व्हायच्या आत बाद झाले. शून्यावर चार! नवखा फ्रेड ट्रूमन समोर आग ओकत होता. कप्तान विजय हजारे आणि मॅनेजर पंकज गुप्ता यांना मंकड हवेच होते, आणि ते होते त्याच देशात, एका गिरणगावात क्लबची मॅच खेळत. पण आता नुसता निरोप पाठवून भागणार नव्हतं. करारावर सही होती. म्हणून भारतीय क्रिकेटला त्या छोट्याशा क्लबकडे विनंती करावी लागली. क्लबने मोठ्या मनाने उरलेल्या तीन कसोटींसाठी त्यांना मोकळं केलं. हिवाळ्यात एक शब्द देऊन जे काम झालं असतं, त्यासाठी उन्हाळ्यात वाटाघाटी कराव्या लागल्या.

लॉर्ड्सच्या दुसऱ्या कसोटीत मंकड यांनी सलामीला येऊन ७२ धावा केल्या. मग इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात ७३ षटकं टाकून ५ बळी घेतले. तुम्ही कधी टर्फवर सलग दहा षटकं टाकली असतील तर ७३ म्हणजे काय ते कळेल. इंग्लंडचा डाव संपला आणि हे पॅड बांधून पुन्हा सलामीला हजर! या वेळी १८४. तोवर कुठल्याही भारतीयाने कसोटीत केलेली ती सर्वांत मोठी खेळी होती. हजारे यांच्याबरोबर २११ धावांची भागीदारी झाली. शेवटी इंग्लंडला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, तिथेही त्यांनी आणखी २४ षटकं टाकली. भारत ८ गडी राखून हरला, पण लोक आजही त्या सामन्याला मंकडची कसोटी म्हणतात. लॉर्ड्सच्या शतकांच्या आणि पाच बळींच्या अशा दोन्ही फलकांवर त्यांचं नाव आहे.

मला यातली सर्वांत भारी गोष्ट धावा किंवा षटकं वाटत नाहीत. बोर्डावर राग धरून ते सहज म्हणू शकले असते की माझा करार आहे, तुमचं तुम्ही बघा. आणि देशाचं नाव पुढे करून क्लबला न विचारता निघूनही येऊ शकले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही. सही केली होती तिचा मान ठेवला, क्लबने मोकळं केल्यावर आले, आणि आले ते जीव ओतून खेळायला.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगते. १९५२ च्या शेवटी पाकिस्तानविरुद्ध दिल्लीला १३ बळी. त्याच मालिकेत मुंबईला हजार धावा आणि शंभर बळींचा टप्पा, फक्त २३ कसोटींत. तो विक्रम मोडायला इयान बॉथमला १९७९ साल लागलं. जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉय यांच्याबरोबर सलामीला ४१३ धावा, हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. त्यातल्या मंकड यांच्या २३१ धावा १९८३ मध्ये गावसकर यांनी मागे टाकल्या. फेब्रुवारी १९५९ मध्ये ते शेवटची कसोटी खेळले. एकूण ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी, आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर फलंदाजी.

आणि रणजी? पश्चिम भारत, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान. तब्बल सात संघ! आजच्या पार्ट्यांनी त्यांना काय म्हटलं असतं कोण जाणे. जिथे खेळायला मिळालं तिथे ते गेले आणि जिथे गेले तिथे राबले. १९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मुलगा अशोक मंकड मुंबईचा कप्तान झाला आणि भारताकडूनही खेळला. २०२१ मध्ये आयसीसीने विनू मंकड यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. १९ वर्षांखालील मुलांची एकदिवसीय स्पर्धा त्यांच्याच नावाने होते, आणि वानखेडे स्टेडियमच्या एका गेटलाही त्यांचं नाव आहे.

थर्ड इयर संपत आलं की आपल्याकडेही हीच चर्चा सुरू होते. पहिली ऑफर घ्यायची की थांबायचं, बाँड किती वर्षांचा, कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं तर काय. तेव्हा काही जण म्हणतील की नोकरी मिळतेय ना, मग प्रश्न कशाला विचारता. मला वाटतं, सही करायच्या आधी सरळ विचारण्यात लाज नाही. मंकड यांनी विचारलं होतं. आणि सही केल्यावर ७३ षटकं टाकायची तयारी हवी, तीही त्यांनी ठेवली होती.