वाटाण्याच्या वाफ्यातील मठाधिपती : ग्रेगोर मेंडेल

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या धर्मग्रामांतून एक प्रश्न हमखास कानी येतो : यश महत्त्वाचे, की यशासाठी घेतलेले कष्ट? उत्तीर्ण झालेल्याच्या घरी त्याचे उत्तर एक असते, अनुत्तीर्णाच्या घरी दुसरे. अशा वेळी आम्हांला आठवण होते ती शिक्षकपदाच्या परीक्षेत दोनदा अपयशी ठरलेल्या एका धर्मगुरूंची. आनुवंशिकताशास्त्राचे जनक म्हणून शालेय पाठ्यपुस्तकांत भेटणारे ग्रेगोर मेंडेल ते हेच. ते धर्मगुरू होते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये, तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. बाप्तिस्म्याचे नाव योहान. वडील आन्टोन हे शेतकरी. स्वतःची शेती सांभाळून जमीनदाराकडे वेठीला जाणारे. १८३८ मध्ये लाकडाचा ओंडका अंगावर पडून ते जायबंदी झाले आणि सोळा वर्षांच्या योहानला शिकवण्या करून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवावा लागला. ओढाताणीत प्रकृती ढासळली. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या रकमेतील काही भाग भावाला दिला. तो नसता तर पुढची कथा घडली नसती.

१८४३ मध्ये ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या मठात, संत अगस्तीन यांच्या संघात, त्यांनी प्रवेश केला व ग्रेगोर हे नाव घेतले. पोटापाण्याच्या विवंचनेतून सुटका व्हावी हाही या निर्णयामागचा एक हेतू होता, असे त्यांनी पुढे आत्मवृत्तात मोकळेपणाने नमूद केले आहे. पाचारणाच्या कथा आपण सहसा उजळून सांगतो; हा सरळपणा आम्हांला अधिक भावतो. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परंतु रुग्णांच्या खाटेपाशी उभे राहणे त्यांच्या मनाला सोसेना. ते स्वतःच आजारी पडले. मठाधिपती सिरिल नाप यांनी ही अडचण ओळखून त्यांना अध्यापनाकडे वळविले.

१८५० मध्ये शिक्षकपदाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. नापांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. १८५१ ते १८५३ या काळात तेथे त्यांनी क्रिस्टियान डॉपलर यांच्याकडे भौतिकशास्त्र व फ्रान्झ उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र अभ्यासले. १८५६ मध्ये ते पुन्हा परीक्षेस बसले. आजारपणामुळे ती अर्धवट सोडून परतले. परिणामी १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षे ते ब्रनोच्या शाळेत बदली शिक्षकच राहिले. विद्यार्थ्यांचे मात्र ते आवडते होते.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेत, साधारण ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशा पट्ट्यात, त्यांनी वाटाण्याचे प्रयोग आरंभिले. त्यापूर्वी दोन वर्षे ३४ वाणांची पारख करून त्यांतील २२ त्यांनी निवडले होते. फूल उमलण्यापूर्वी चिमट्याने त्यातील पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या रोपाचे पराग आणून लावायचे, भुंगे-कीटक शिरू नयेत म्हणून फुलाला पिशवी बांधायची, आणि शेंगा भरल्या की दाणे एकेक करून मोजायचे. वाडीत राबलेल्या आमच्या वाचकांना यातील चिकाटीची कल्पना येईल. सुमारे आठ वर्षांत जवळजवळ २८,००० रोपे त्यांच्या हाताखालून गेली. एका प्रयोगात ७,३२४ दाणे मिळाले. त्यांपैकी ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले, म्हणजे साधारण तीनास एक. पहिल्या पिढीत दडून राहिलेला गुण दुसऱ्या पिढीत ठरावीक प्रमाणात परत येतो, हे त्यांनी या मोजणीतून दाखविले.

दि. ८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गशास्त्र मंडळापुढे त्यांनी हा निबंध वाचला. स्थानिक वृत्तपत्रात बातमी आली. १८६६ मध्ये निबंध छापून झाला व त्यांनी ४० सुट्या प्रती मागविल्या. त्यापुढे जवळजवळ शांतताच पसरली. म्युनिकचे नामांकित प्राध्यापक कार्ल नेगेली यांनी पत्रोत्तर दिले. पण त्यांना निष्कर्ष पटले नव्हते. मेंडेल यांनी त्यांच्या आवडीच्या हॉकवीड नावाच्या रानरोपावरही प्रयोग केले.

आमच्या मते मेंडेल यांच्या चरित्रातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. हॉकवीडची फुले अतिशय बारीक. भिंगाखाली काम करून त्यांचे डोळे दुखावले. इतके करूनही वाटाण्याचे प्रमाण येथे कधीच जुळले नाही. कारण विसाव्या शतकाच्या आरंभी कळले : हे रोप बहुधा परागाविनाच बी धरते. मेंडेल यांना ते कळणे शक्यच नव्हते. माणूस तोच, चिमटा तोच, मोजणीतील काटेकोरपणाही तोच. एका रोपाने साथ दिली, दुसऱ्याने दिली नाही. कष्टांचे मोल यशावरूनच ठरवायचे तर ही वर्षे शून्य धरावी लागतील. आमचे मन त्यास तयार होत नाही.

तरीही, झगडणे हेच सर्व काही असे म्हणायलाही आम्ही धजत नाही, आणि त्याचेही कारण मेंडेलच आहेत. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. १८७४ च्या कायद्याने मठांवर कर बसला. त्याचा विनियोग धर्मग्रामांतील धर्मगुरूंच्या वेतनासाठी व्हायचा होता. मेंडेल यांना तो अन्याय्य वाटला. इतर मठांनी तो मान्य केला, ते एकटे अडून राहिले. सरकारने मठाची मालमत्ता जप्त केली, तरी ते हटले नाहीत. जवळजवळ दहा वर्षे या पत्रव्यवहारात गेली, सहकारी दुरावले, प्रकृती खालावली. चिकाटी येथेही तीच होती. पण तिच्यातून ना मठाला काही मिळाले ना कोणा गरीब धर्मगुरूला.

दि. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या मिस्सेत संगीताची धुरा लिओश यानाचेक या संगीतकाराने वाहिली. शहराने निरोप दिला तो एका मठाधिपतीला व दानशूर गृहस्थाला, शास्त्रज्ञाला नव्हे. त्यांची खाजगी कागदपत्रेही पुढे नष्ट झाली.

१९०० मध्ये ह्युगो द व्ह्रीस, कार्ल कोरेन्स व एरिख फॉन चेर्माक हे वेगवेगळ्या वाटांनी त्याच निष्कर्षांपाशी पोहोचले आणि मेंडेल यांचे नाव जगापुढे आले. यांतील कोरेन्स हे नेगेलींचेच विद्यार्थी.

तेरेझियाचे ऋण मेंडेल विसरले नव्हते. तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला. त्यांतील दोघे डॉक्टर झाले. १९०२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ येथे मेंडेल यांच्या स्मृतिफलकाचे अनावरण झाले, तेव्हा गावकऱ्यांपुढे त्यांच्याविषयी बोलायला उभे राहिले ते डॉ. आलोइस शिंडलर, तेरेझियाचे पुत्र.