आधी गळ्यातून, मग तारेवर : मैहरचे बाबा अलाउद्दीन खान

शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादं मूल हार्मोनियम वाजवतं. सूर बरोबर, ताल बरोबर, पण ऐकणाऱ्याच्या काळजात काही हलत नाही. जरा जीव ओतून वाजव, असं आपण त्याला सांगून मोकळे होतो. जीव ओतायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र आपल्यालाही सांगता येत नाही. मध्य प्रदेशातल्या मैहरसारख्या छोट्या संस्थानात एका उस्तादांनी हेच आयुष्यभर शिकवलं. ते म्हणजे उस्ताद अलाउद्दीन खान. सगळे त्यांना बाबा म्हणत.

बाबांचा जन्म आजच्या बांगलादेशातल्या ब्राह्मणबाडिया भागातल्या शिबपूर गावचा. संगीताच्या वेडापायी लहानपणीच घर सोडून पळाले. कलकत्त्यात गोपालचंद्र ऊर्फ नुलो गोपाल यांच्याकडे गाणं शिकू लागले. अट अशी की बारा वर्षं फक्त सरगम आणि पलटे. सात वर्षं झाली आणि प्लेगने गुरूंना नेलं. त्यानंतर बाबांनी गाणं सोडलं आणि वाद्यांकडे वळले. लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडून व्हायोलिन शिकले, अहमद अली खानांकडे सरोद शिकले. पण गळ्यावर केलेली ती सात वर्षं वाया गेली नाहीत, पुढे तीच त्यांच्या शिकवण्याचा पाया ठरली.

मग रामपूर. तिथे तानसेनाच्या घराण्यातले बीनकार वजीर खान होते. त्यांच्यापर्यंत पोहोचू देईनात, म्हणून बाबांनी थेट नवाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिलं, असं सांगतात. शागिर्दी मिळाली, पण खरी तालीम सुरू व्हायला आणखी बराच काळ जावा लागला.

मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांनी बाबांना उस्ताद म्हणून बोलावलं आणि बाबा कायमचे मैहरचे झाले. पाच वेळची नमाज पढणारा हा माणूस टेकडीवरच्या शारदादेवीलाही तितक्याच अदबीने मानायचा. साथीच्या रोगात अनाथ झालेली मुलं गोळा करून त्यांनी मैहर बँड उभा केला. त्या बँडसाठी बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग नावाचं वाद्य बनवलं. माझ्या मते बाबांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं. पोरकी मुलं आणि बंदुकीच्या नळ्या, दोन्ही त्यांनी सुरात आणल्या.

आता शिकवण्याकडे येऊ. सतार असो, सरोद असो की बासरी, बाबा चीज आधी गाऊन दाखवायचे. शागिर्दाने ती गळ्यातून काढायची, मग बोटांनी. कारण साधं आहे. गाताना माणसाला श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे वाक्य कुठे थांबतं हे आपोआप कळतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा उडी मारत नाही, घसरत जातो. तीच घसरण तार ओढून वाजवली की मींड होते. जो गायलाच नाही, त्याची बोटं नुसती पडद्यांवरून धावतात.

दुसरं म्हणजे बाबांनी सगळ्यांना एका साच्यात घातलं नाही. मुलगा अली अकबर, 1938 मध्ये मैहरला आलेले रविशंकर, 1947 च्या सुमारास आलेले निखिल बॅनर्जी आणि बासरीवाले पन्नालाल घोष. या चौघांचं वाजवणं ऐका, एकाच उस्तादाचे शागिर्द आहेत हे कानाला पटकन पटणार नाही. बाबा स्वतः डाव्या हाताने सरोद वाजवत. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हे त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती.

राग मात्र भयंकर. अली अकबरला झाडाला बांधून मारल्याचं सांगतात. रविशंकरना एकदा हातात बांगड्या भरायला सांगितलं, तेव्हा ते सामान बांधून निघाले होते. पुढे बाबांनीच समजूत काढली. बी.एड. केलेली शिक्षिका म्हणून मला हे पटत नाही, आणि उस्ताद मोठे होते म्हणून मी ते झाकणारही नाही. मारामुळे कोणाच्या वाजवण्यात दर्द येत नाही. त्या मुलांना घडवलं ते बाबांच्या गाण्याने.

मोठ्या मुलीला सासरी संगीतापायी त्रास झाला, म्हणून धाकट्या मुलीला शिकवायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एक दिवस बाबा बाहेर गेलेले असताना ती भावाचा चुकलेला सूर गाऊन दुरुस्त करत होती. बाबांनी ते मागून ऐकलं आणि तिची तालीम सुरू झाली. हीच अन्नपूर्णादेवी. पुढे तिच्या हाती सूरबहार दिला, धीर धरणाऱ्याचं वाद्य.

1971 मध्ये पद्मविभूषण मिळाला. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरमध्येच बाबांचा इंतकाल झाला. तोवर अन्नपूर्णादेवी मुंबईत राहायला आल्या होत्या. त्या मैफलीत वाजवत नसत, दार सहसा उघडत नसत. सिनेमात नाव कमावलेले हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकायला गेले, तेव्हा आधीचं सगळं विसरून पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी त्यांना दाखवावी लागली. त्यांनी बासरीचा हातच बदलला, उजव्याचा डावा केला. बाईंना बासरी वाजवता येत नव्हती. त्या गाऊन शिकवायच्या.