मधल्या सुराचा वादक

रायपूरच्या एखाद्या मंडळीत नाताळचे गीत चार आवाजांत गाइले जाते, तेव्हा आपले कान वरच्या चालीकडे असतात. फार तर खर्जाकडे वळतात. मधला सूर कोण सांभाळतो हे सहसा कोणी पाहत नाही. वाद्यवृंदात ते काम व्हायोला ह्या वाद्याचे. व्हायोलिनहून थोडे मोठे आणि पंचमाने खालचे असे हे वाद्य. थोर संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक ह्यांच्या उमेदीची वर्षे ह्याच वाद्याच्या संगतीत गेली.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८४१ रोजी प्रागजवळच्या नेलाहोझेवेस गावी झाला. वडील खाटीक, शिवाय खानावळ चालवीत. झ्लोनित्से येथे लीमान नावाच्या शिक्षकाने मुलास ऑर्गन, पियानो व संगीतशास्त्र शिकविले. १८५७ साली तो प्रागच्या ऑर्गन विद्यालयात दाखल झाला आणि दोन वर्षांनी वर्गात दुसरा आला. त्याने एका चर्चमध्ये ऑर्गनवादकाच्या जागेसाठी अर्ज केला, पण तो नामंजूर झाला. मग पोटासाठी कोमझाकच्या बँडमध्ये व्हायोला धरला. ज्याला उपासनेत वाजवायचे होते, त्याच्या वाट्यास उपाहारगृहे आणि नाचाच्या मैफली आल्या!

१८६२ साली प्रागमध्ये चेक नाट्यगृह उघडले आणि हा बँड त्याच्या वाद्यवृंदाचा गाभा बनला. तेथे द्वोर्झाक १८७१ पर्यंत वाजवीत राहिले. माझ्या मते त्यांची खरी पाठशाळा हीच. मध्ये बसणाऱ्यास वरचे आणि खालचे, दोन्ही ऐकू येते. १८६३ मध्ये वाग्नर प्रागला आले, तेव्हा त्यांच्या संचालनाखाली द्वोर्झाक वाजविण्यास होते. १८६६ पासून स्मेताना प्रमुख संचालक झाले. रात्री वादन आणि उरल्या वेळी लेखन, असा क्रम चाले. स्वतःचा पियानो नव्हता. बेंडल नावाचा मित्र स्वरलिपीची पुस्तके उसनी देई. लिहिलेले पुष्कळसे त्यांनी पुढे स्वतःच नष्ट केले.

१८७३ मध्ये त्यांच्या एका समूहगीताने प्राग जिंकले, आणि पुढच्या वर्षी संत आदाल्बर्टच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागाही मिळाली. परंतु १८७५ ते १८७७ ह्या काळात त्यांची तीन मुले दगावली. तिसरे, ओताकार, पित्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात, क्रूसापाशी उभ्या असलेल्या मरियेच्या लॅटिन स्तोत्राला त्यांनी दिलेले संगीत पूर्ण झाले. वाचकहो, ते अवश्य ऐका. हस्तलिखिताच्या शेवटी देवाचे आभार लिहिण्याची त्यांची सवय होती. ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१ मे १९०४ रोजी ते निवर्तले. व्हायोलावादक असताना, १८६५ साली, त्यांनी पहिली सिंफनी लिहून जर्मनीतील एका स्पर्धेस पाठविली होती. बक्षीस मिळाले नाही, हस्तलिखितही परत आले नाही. ते सापडले १९२३ मध्ये, दुसऱ्याच एका द्वोर्झाक आडनावाच्या, नात्याने परक्या गृहस्थाच्या संग्रहात. झ्लोनित्सेच्या घंटांचे नाव लाभलेली ती कृती पहिल्यांदा वाजली १९३६ मध्ये, ब्रनो शहरी.